पाडलेल्या वाड्याचा इतिहास कसा शोधायचा?

पेठकर
पुण्याच्या शनिवार पेठेत भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या वाड्यांच्या ओळीतला एक वाडा पाडला आहे. शेजारच्या सामाईक भिंती अजून उभ्या आहेत. तो कुणी बांधला, केव्हा बांधला, किती मजली होता? मिळकत पत्रिकेतली (प्रॉपर्टी कार्डावरची) पहिली नोंद हेच बांधकामाचं साल धरायचं का?

मोडीवाचक
नाही. ती नोंद सिटी सर्व्हेच्या, म्हणजे शहरातल्या मिळकतींच्या सरकारी मोजणीच्या वेळची. वाडा त्याआधी कितीही जुना असू शकतो. पत्रिकेबरोबर चौकशी नोंदवहीचा उतारा आणि मोजणी नकाशा मागा. उताऱ्यात त्या वेळचा धारक आणि त्याला हक्क कसा मिळाला ते सापडतं. नाव हाती आलं की जुनी खरेदीखतं आणि गहाणखतं पाहा. त्यातली चतुःसीमा काळजीपूर्वक उतरवून घ्या. घरक्रमांक बदलतात, चारी बाजूंचे शेजारी जुळले तरच वाडा तोच.

त्यामागे जायचं तर पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर. तिथे 'शनिवार' एवढंच शोधून भागणार नाही, पेठेचं जुनं नाव मुर्तजाबाद. कागद मोडीत, आणि सन बहुधा सुहूर (त्या काळची कालगणना), तोही अरबी शब्दांत: 'सबैन मया व अलफ' म्हणजे ११७०. हा सन मृगाला सुरू होतो. इसवी सन काढायला, तारीख जून ते डिसेंबरमधली असेल तर सनात ५९९ मिळवा, त्यापुढची असेल तर ६००. म्हणजे हे १७६९-७० साल झालं.

तुळई
कागद थांबतील, भिंत थांबणार नाही. नव्या बांधकामाआड ती झाकली जाण्याआधी मापपट्टी उभी धरून समोरून फोटो घ्या. कडीपाटाच्या (लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेल्या छताच्या) कड्यांच्या खोबणींची एक ओळ म्हणजे एक मजला. मात्र कड्या भिंतीला समांतर असतील तर खोबणी दिसणारच नाहीत. मग कोनाडे आणि फडताळांच्या उंचीवरून मजले ठरवा. काजळीचा पट्टा दिसला तर तिथे चूल असणार. दस्तात 'पाच खणी' असं लिहिलेलं असेल तर खणाचं (दोन खांबांमधल्या अंतराचं) माप गृहीत धरू नका, खांबांखालचे दगडी तळखडे जागेवर असतील तर त्यांच्यातलं अंतर मोजा.

पेठकर
खालचे चार-पाच फूट सिमेंटचे आहेत, वर पातळ चपट्या विटा आणि माती. मग जुनं काय?

तुळई
वरचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मातीत रचलेली भिंत भिजली की पायथ्याशी विरघळते, आणि पडली नाही तर तेवढाच भाग नव्याने बांधून काढतात. ओलीमुळेही अशी दुरुस्ती होते, म्हणून ती पुराचीच हे ठरवायला शेजारच्या भिंतींवर त्याच उंचीला सांधा दिसतो का ते पाहा.