मदत हवी आहे: नेरुळ पूर्वेला बरी कॉफी, आणि कॉफी संपल्यावरही बसू देणारी जागा

कल्याणची_पासधारक

नमस्कार मंडळी. मी रोज कल्याणहून ठाण्याला येते, तिथे ट्रान्स-हार्बर लोकल पकडते आणि नवी मुंबईत नेरुळला उतरते. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण खाली कँटीनला नावं ठेवणार आहे. नेरुळ पूर्व एवढं पुरे, तिकडे कॉलेजांना तोटा नाही.

यंदाच्या टाइमटेबलात मंगळवारी आणि गुरुवारी साडेअकरा ते दोन काहीच नाही. घरी जाऊन परत येणं शक्य नाही. लायब्ररीत जरा कुजबुजलं तरी मॅडम चष्म्यावरून बघतात, आणि आम्हा चौघांना मिनी प्रोजेक्टसाठी बोलायचंच असतं. राहिलं कँटीन.

कँटीनमध्ये कॉफीचं मशीन आहे. बटण दाबलं की घर्र आवाज होतो आणि कपात चार बोटं फेस येतो. फेस बसला की खाली अर्धा कप उरतो. दूध-साखर सगळं पावडरीतच असल्यामुळे ‘बिनसाखरेची’ हा प्रकार नाही. मसाला चहाही त्याच नळीतून येतो, त्यामुळे कॉफीला वेलचीचा वास. शेवटच्या घोटाला तळाचा न विरघळलेला गोळा तोंडात येतो तो वेगळाच.

म्हणून गेल्या आठवड्यात जवळच्या एका कॅफेत गेलो. भिंतीवर सायकल टांगलेली, बल्ब लोंबकळणारे, तसलं. चौघांत दोन कॅपुचिनो घेतल्या, २२० रुपयांना एक. कोमट होत्या. वर दुधाच्या फेसात पान काढलेलं, ते मात्र छान. वीस मिनिटांत वेटर टेबल पुसायला आला. टेबल स्वच्छ होतं. दहा मिनिटांनी परत पुसलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा आम्हीच लॅपटॉप मिटले. बिलात वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज! कसली सर्व्हिस, पुसण्याची?

तर मला हवं ते असं: माणशी फार तर शंभर रुपये, कॉलेजपासून पंधरा मिनिटं चालत, चौघांना दीड तास कुणी हटकणार नाही. वायफाय नको, एखादा प्लग असला तर बरा. कॉफी कडू चालेल, पांचट नको.

माझ्या जिभेचं असं का झालं तेही सांगते. आमच्या घरी कॉफी म्हणजे चहा न पिणाऱ्या पाहुण्यासाठी जायफळ घालून उकळलेलं गोड दूध. पण दहावीच्या वर्षी शेजारच्या तमिळ मावशींकडे पहाटे अभ्यासाला बसायचे आणि त्या फिल्टर कॉफी द्यायच्या. तेव्हापासून मशीनची तोंडात धरवत नाही.

चहाबाज

कॉफी हवीच कशाला? स्टेशनबाहेर कटिंग मारा, मोकळे व्हा.

कल्याणची_पासधारक

@चहाबाज, टपरीवर चौघांनी लॅपटॉप कुठे ठेवायचा? चहावाल्याच्या डोक्यावर?

सेक्टरातला_जुना

तुझा प्रश्न कॉफीचा कमी आणि जागेचा जास्त आहे. दोन्ही एका ठिकाणी मिळतील असं धरून चाललीस तर पुन्हा सायकलवाल्याकडेच जाशील.

कॉफीसाठी सरळ उडपी गाठ. नेरुळात तमिळ आणि मल्याळी वस्ती पहिल्यापासून आहे, उगाच नाही साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीनं इथे एवढा पसारा मांडला. त्यामुळे इथल्या उडप्याला फिल्टर कॉफीत फसवाफसवी करून चालत नाही. सकाळी सातला नऊवारी पातळ नेसलेल्या पाट्यम्मा, म्हणजे तमिळ आज्या, येतात, त्या कॉफी पसंत नसली तर डबरा (पेल्याबरोबर येणारी पसरट वाटी) परत पाठवतात. मी हे बघितलंय. मी जातो तिथलं नाव मात्र लिहिणार नाही, उद्या अख्खं कॉलेज लोटेल आणि माझी खिडकीची जागा जाईल. पूर्वेला स्टेशनपासून चालत सुट, ज्या हॉटेलच्या दारात सकाळी म्हातारी माणसं पेपर घेऊन बसलेली दिसतील तिथे शिर. ही खूण सहसा चुकत नाही.

ऑर्डर देताना ‘स्ट्राँग, साखर वेगळी’ असं आधीच सांग. आली की डबऱ्यातून पेल्यात दोनदा वरून ओत, तळाला साखर बसली असेल तर मिसळते आणि तोंड भाजत नाही. काळीकुट्ट आणि दाट दिसली म्हणजे चांगली असं समजू नकोस, तो रंग बऱ्याचदा चिकोरीचा असतो. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, त्यात कॅफिन अजिबात नसतं. पाकिटावर ८०:२० किंवा ६०:४० लिहितात ते कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण. नियमानं निम्म्याहून जास्त कॉफीच लागते, म्हणजे किमान ५१ टक्के. काही हॉटेलवाले त्या ५१ च्या अगदी काठावर उभे असतात.

आता जागेचं. तुझी वेळच वाईट आहे. उडप्याकडे साडेबारापासून अडीचपर्यंत थाळीची गर्दी असते, तेव्हा कॉफीवर बसलेली चार पोरं म्हणजे त्याच्या पोटावर पाय. साडेअकराला जा, सव्वाबाराच्या आत ऊठ. तीन ते पाच गेलीस तर पंख्याखाली झोपलीस तरी कुणी उठवणार नाही.

हार्बरवाली

काकांना पुस्ती. सव्वाबाराला उठलात की सरळ स्टेशनवर या आणि एकच स्टेशन पुढे सीवूड्सला जा. मॉल स्टेशनच्या डोक्यावरच आहे, ऊन-पाऊस काही लागत नाही. फूड कोर्टात आठवड्याच्या दिवशी दुपारी कोपऱ्यातली टेबलं मिळतात आणि तिथे कुणाचाच वेटर नसल्यामुळे पुसायला कोणी येत नाही. मधे एकदा फ्राइज घेतले की मनालाही टोचत नाही. तिथल्या ब्रँडेड कॉफीच्या वाटेला जाऊ नकोस, तुझ्या शंभरात बसणार नाही.

एक लक्षात ठेव: तुझा पास नेरुळपर्यंतचा. ते पाच रुपयांचं तिकीट काढच. मी एकदा ‘एकाच स्टेशनाचं काय’ म्हणून गेले, दंड भरला, आणि त्या पैशांत महिनाभर कॉफी झाली असती.

बिल_तपासणारा

सर्व्हिस चार्ज का दिलात? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला तो आपणहून बिलात लावता येत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या, पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सूचना कायम ठेवल्या. काउंटरवर शांतपणे ‘हा काढा’ म्हणायचं. नाही काढला तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, तो कर आहे. दोन्हींची गल्लत करून काउंटरवर भांडणारे खूप बघितलेत.

चहाबाज

एवढ्यात चार कटिंग झाले असते.

डिकॉक्शन_ताई

मी नर्सिंगला असताना केलेला उद्योग सांगते. स्टीलचा छोटा फिल्टर घे, एकावर एक दोन भांड्यांचा. रात्री वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पावडर, त्यावर छत्री (दांडीवाली भोकांची चकती) हलक्या हातानं बसव, दाबू नकोस, नाहीतर पाणी उतरतच नाही. उकळतं पाणी हळूहळू ओत आणि झाकून झोप. सकाळी खालच्या भांड्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तयार. ते घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या बाटलीत भर. कँटीनमध्ये फक्त गरम दूध माग, एक भाग डिकॉक्शन, तीन भाग दूध. डिकॉक्शन परत उकळू नकोस, कडवट होतं. उन्हाळ्यात बाटली दुपारपर्यंत संपव.

पावडर माटुंग्याला घे, तिथे समोर दळून देतात. तू कल्याणची, मेन लाइनवरच पडतं.

कल्याणची_पासधारक

सगळ्यांना धन्यवाद! दोन्ही दिवसांचा वृत्तांत देते.

मंगळवारी काकांची खूण शोधत फिरलो. दुसऱ्याच हॉटेलच्या दारात तीन आजोबा आणि एकच पेपर, प्रत्येकाकडे एकेक पान. आत शिरलो. कॉफी पस्तीस रुपये. पहिला घोट घेतल्यावर मी काहीच बोलले नाही, तर आमच्यातला एकजण म्हणाला, ‘हिला बरं वाटत नाहीये का?’ बाराला मालकांनी ‘आजची थाळी’ची पाटी बाहेर ठेवली आणि आमच्याकडे नुसतं बघितलं. निघालो. काका, खिडकीत एक टेबल रिकामं होतं, तुमचं असेल तर माफ करा, आम्ही त्याच्या शेजारी बसलो होतो.

मग तिकीट काढून सीवूड्स. प्रोजेक्टचं अर्धं सर्किट तिथे फूड कोर्टात जुळलं.

गुरुवारी डिकॉक्शन नेलं. माटुंग्याला जायला जमलं नाही, म्हणून मावशींकडूनच पावडर मागून आणली. कँटीनवाल्या दादांना नुसतं दूध मागितलं तर म्हणाले, ‘पिशवी हवी का?’ गरम हवं म्हटल्यावर पंधरा रुपये ग्लास सांगितला. मी बाटलीतून ओतत होते तेव्हा काउंटर सोडून बघायला आले, आणि अर्धा कप चाखला. मशीनकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाले, ‘पुढच्या गुरुवारी बाटली मोठी आण. दुधाचे पैसे घेणार नाही.’