काळा नर, पट्टेवाली मादी, आणि १७६ पिल्लांत एकही काळं नाही. कामून? आणि नाव काय द्यायचं?

पूर्णाकाठ (परभणी)

एंजल माशांची जोडी आहे. नर पूर्ण काळा, मादी साधी सिल्व्हर, उभे पट्टे एकदम स्पष्ट. पहिल्या घाण्याची पिल्लं आता आठ आठवड्यांची, रुपयाच्या नाण्याएवढी झाली. मोजली तर जिवंत १७६. त्यातली ९१ धुरकट: पट्टे दिसतात, पण अंग गडद आणि पंखांत काळी जाळी. उरलेली ८५ हुबेहूब आईसारखी. पूर्ण काळं एकही नाही, सोनेरीही नाही.

एक दुकानदार म्हणायलाय, धुरकट पिल्लं 'स्मोकी' नावानं द्या. दुसरा म्हणतो, 'मराठवाडा ब्लॅक व्हेल्व्हेट' असं आपलंच नाव लावा, दर दुप्पट. ही पिल्लं नेमकी काय आहेत? काळी पिल्लं हवी असतील तर याच भाऊ-बहिणींची जोडी लावू का?

आणखी एक. दुसऱ्या वेळी निम्म्याहून जास्त अंडी पांढरी पडली. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ८४०. अंडी घालायला शहाबादी फरशीचा तुकडा तिरका ठेवलाय.

जाळीवाला (नांदेड)

भाऊ, तुमच्या मोजणीतच उत्तर आहे. बहुतेक जण 'बरीच काळपट' एवढंच लिहितात, त्यावरून काही सांगता येत नाही.

एंजलमध्ये डार्क, गोल्ड आणि मार्बल हे वेगवेगळ्या जागचे जीन नाहीत, एकाच जागेचे आहेत. त्या जागेवर दोनच पाट मांडलेले असतात, एक बापाकडून आलेला, एक आईकडून. डार्कसोबत साधा बसला की ब्लॅक लेस, म्हणजे तुमची धुरकट. डार्कसोबत गोल्ड बसला की पूर्ण काळा. डार्कसोबत डार्क म्हणजे डबल डार्क, तोही काळाच. गोल्डसोबत गोल्ड आला तरच मासा सोनेरी. गोल्डसोबत साधा असेल तर मासा सिल्व्हरच दिसतो, गोल्ड आत लपून राहतो.

आता तुमचा नर. डबल डार्क असता तर प्रत्येक पिल्लाला डार्क मिळाला असता आणि सगळी १७६ धुरकट झाली असती. ८५ सिल्व्हर निघाली, म्हणजे नर डार्क-गोल्ड. मादीत गोल्ड लपलेला असता तर पाव पिल्लं सोनेरी आणि पाव काळी दिसली असती. एकही नाही, म्हणजे मादी निव्वळ साधी. तुमची ९१ ही ब्लॅक लेस, आणि ती ८५ सिल्व्हर दिसत असली तरी प्रत्येकीत बापाचा गोल्ड आहे. त्यांना टाकाऊ समजू नका.

भाऊ-बहीण लावायचेच असतील तर धुरकटला धुरकट लावू नका. त्यातून पाव डबल डार्क, निम्मी पुन्हा धुरकट, पाव सिल्व्हर. डबल डार्क दिसायला मखमली असतो, पण त्याची पिल्लं नाजूक आणि वाढायला मंद. पहिल्या महिन्यात गळणारी बहुतेक हीच. धुरकटला सिल्व्हर बहीण लावली तर पाव काळी मिळतील, तीही डार्क-गोल्ड, म्हणजे तगडी. पण तीन चतुर्थांश टाकी उगाच भरते.

खरा मार्ग सोपा आहे: हाच नर आणि गोल्ड मादी. निम्मी काळी, निम्मी गोल्ड, धुरकट एकही नाही, सगळी विकण्यासारखी. नर म्हातारा झाला किंवा गेला तर धुरकट नर आणि गोल्ड मादी: निम्मी काळी, निम्मी सिल्व्हर.

गोल्ड मादी एकटी आणू नका. छोटी सहा घ्या, जोड त्यांना जमवू द्या. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली बाहेर येणारी नळी बघा: मादीची रुंद आणि बोथट, नराची बारीक, टोकदार. दोन माद्याही जोडी करतात आणि अंडी घालतात, ती सगळीच पांढरी पडतात.

मऊपाणी (लातूर)

अंड्यांचं बोलतो. शहाबादी फरशी आधी बाहेर काढा. ती चुनखडी आहे. कोरड्या तुकड्यावर लिंबू पिळा, फेस येईल. कडप्पाही त्याच जातीचा. त्याऐवजी दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा पॉलिश पेपरनं खरखरीत करून उभा ठेवा.

फरशीपेक्षा मोठा दोष बोअरचा. एंजल ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला. मोठे मासे आपल्या काळ्या दगडातल्या जड पाण्यात मजेत जगतात, अंडीही घालतात, पण जड पाण्यात अंडी नीट फळत नाहीत. आरओचं पाणी पाच भाग आणि तुमचं बोअर एक भाग केलं की टीडीएस १५०-१६० च्या आसपास येतो. नुसतं आरओ वापरू नका, पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही. बदल आठवडाभरात, रोज थोडाथोडा. पिल्लं पोहायला लागली की हळूहळू पुन्हा बोअरवर आणा, नाहीतर गिऱ्हाइकाच्या टाकीत गेल्यावर धक्का बसतो. मे महिन्यात टँकरचं पाणी असेल तर क्लोरीन आधी मारा.

अंडी घातली की पाइप उचलून वेगळ्या २० लिटरच्या टाकीत ठेवा, पाणी आधीच्याच टाकीचं, २८ अंश. मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) एवढंच की पलीकडची अंडी दिसली पाहिजेत. एअर स्टोन शेजारी, बुडबुडे थेट अंड्यांवर नकोत. पांढरं अंडं दिसलं की ड्रॉपरनं काढा, बुरशी शेजारच्यावर चढते. साधारण ६० तासांत फुटतात, सातव्या दिवसाच्या आसपास पिल्लं पोहतात. त्याआधी खायला घातलं तर पाणी सडण्यापलीकडे काही होत नाही. आर्टेमिया (पिल्लांचं पहिलं खाद्य, बारीक खाऱ्या पाण्यातले जीव) आदल्या दिवशीच लावून ठेवा: लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम खडे मीठ, २८ अंश, जोरात हवा. लाइट जाते तिथं बॅटरीचा एअर पंप हवाच.

टाकीभर (छत्रपती संभाजीनगर)

नावाबद्दल. 'स्मोकी' लिहू नका, तो वेगळाच जीन आहे. गडद दिसलं म्हणून स्मोकी होत नाही. घेणारा पुढं स्मोकी समजून जोडी लावील आणि मग तुम्हाला फोन करील. 'व्हेल्व्हेट' डबल डार्ककडे बोट दाखवतं, तेही खोटं.

पण गिऱ्हाईक पाट मोजत बसत नाही, हेही खरं. पाटी दोन ओळींची ठेवा: वर 'ब्लॅक लेस एंजल', खाली 'बाप काळा (डार्क-गोल्ड), आई सिल्व्हर'. सिल्व्हरवर 'गोल्ड वाहणारी' लिहा, जोडी लावणारा दोन पैसे जास्त देतो. नवीन नाव तेव्हाच, जेव्हा तोच रंग दोन-तीन पिढ्या ठरल्या हिशेबानं निघतो. 'प्लॅटिनम'सुद्धा हवेतलं नाव नाही: गोल्डचे दोन पाट आणि फिलिपीन ब्लू या वेगळ्या जीनचेही दोन, तेव्हा प्लॅटिनम.

आफ्रिकन मासे पाळणाऱ्यांचा गोंधळ याहून मोठा. 'न्गारा' हे मलावी सरोवराच्या काठच्या जागेचं नाव आहे, रंगाचं नाही. ओबी पीकॉक हा ठिपक्यांचा आफ्रिकन मासा तर संकरच. त्याला जागेचं नाव लावणं म्हणजे कलमी आंब्याला गावठी म्हणून विकणं.

पोटाखालचे दोरीसारखे लांब पर नसलेली, कल्ले उघडे राहिलेली पिल्लं नावासकट विकू नका आणि जायकवाडीत सोडूही नका.

पूर्णाकाठ

फरशीवर लिंबू पिळलं, फेस आला. गोल्डची सहा सांगून ठेवली. नर खरंच डार्क-गोल्ड आहे याची खात्री गोल्ड मादीच्या पिल्लांवरून होईल ना?

जाळीवाला (नांदेड)

होईल. काळी आणि गोल्ड एवढीच निघाली तर नर डार्क-गोल्ड. त्यात पट्टेवाली सिल्व्हर दिसली तर नर म्हणजे फार गडद ब्लॅक लेस, माझा हिशेब चुकला म्हणायचं. मोजणी मात्र या वेळी चौथ्या आठवड्यालाही करा. आठव्यापर्यंत कुठल्या रंगाची किती मेली, ते आकड्यात दिसेल.