मदत हवी आहे: स्वतः कातलेल्या लोकरीचे चौकोन तिरके होताहेत!!

उसवाउसवी
घाईत लिहितेय, डोकं फिरलंय. विणकाम बरीच वर्षं करतेय, स्वेटर मोजे टोप्या सगळं करून झालंय, म्हणजे नवशिकी नाही हे आधीच सांगते. कातायला मात्र यंदाच शिकले, टकळीवर. सुरुवातीला कुठे सुतळी कुठे केस असा प्रकार होता पण आता बऱ्यापैकी एकसारखा धागा येतो. तर त्या लोकरीचे चौकोन विणून जोडून पांघरूण करायचं ठरवलं. ३६ हवेत, २४ झालेत, आणि सगळेच्या सगळे तिरके! कोणीतरी एक कोपरा धरून ओढल्यासारखे, आणि सगळे एकाच बाजूला. टाके दहादा मोजले, प्रत्येक ओळीत ४०च आहेत. पिना लावून ताणून ठेवलं की शहाण्यासारखे सरळ, पिना काढल्या की संध्याकाळपर्यंत परत कललेले. काय चुकतंय? लवकर सांगा, पुढचे १२ अडलेत.

लोकरवेडी
हाताचा ताण. डोळे झाकून सांगते. उलट्या ओळीला बहुतेकांचा हात सैल पडतो. उलट्या ओळीसाठी एक नंबर बारीक सुई घे, माझं तसंच झालं होतं.

उसवाउसवी
ताण नाहीये हो. विकतच्या लोकरीचा याच सुयांवर केला तर काटकोनात येतो.

निळीशाई
अगं मग हे पहिल्याच पोस्टमध्ये नको का सांगायला! लोकर कुठल्या जातीची, टाका कुठला, धागा एकेरी की दुपदरी? आणि फोटो टाक.

साखळीखांब
क्रोशाने कर. क्रोशात ही कटकटच नाही. एका वेळी आकड्यावर एकच टाका, उसवायला सोपं, चौकोन म्हणजे चौकोन. मी सुया कधीच्या माळ्यावर टाकल्या.

उसवाउसवी
क्रोशा विचारलेला नाही. टाका साधाच, एक ओळ सुलट एक ओळ उलट. लोकर मेरिनो. फोटो रात्री टाकते.

गुंतवळ
एकेरी की दुपदरी, हे राहिलंच.

मुकाटाका
मला शंका वेगळीच आहे. उलटा टाका घेताना तू धागा सुईवरून गुंडाळतेस की खालून? खालून घेतलास तर टाका सुईवर उलटा बसतो, पुढच्या सुलट ओळीत तो नेहमीसारखा समोरून विणला की त्याच्या तंगड्या एकमेकींवर पडतात. एका ओळीत पीळ, दुसरीत नाही, असं झालं की कापड हमखास तिरकं जातं. भिंग घेऊन टाक्याच्या बुडाशी बघ, इंग्रजी व्ही दिसतो की फुली. मी स्वतः अकरा वर्षं चुकीचं विणत होते आणि कुणी सांगितलं नाही.

निळीशाई
मुकाटाका, मुद्दा बरोबर आहे पण इथे लागू नाही, त्याच हाताने त्याच सुयांवर विकतची लोकर सरळ येतेय ना. हात सुटला, सुया सुटल्या, उरला धागा.

मुकाटाका
बघायला काय जातंय पण.

उसवाउसवी
बघितलं. व्ही आहे. फुली नाही.
आणि धागा अर्थात एकेरीच, टकळीवरून काढला, गुंडा केला आणि विणला, दुपदरी करायचा तर दुप्पट कातावं लागेल.

गुंतवळ
‘अर्थात’ म्हणे! सगळं दुखणं त्या अर्थातमध्ये आहे बाई. आता अजून एक सांग, चौकोन विणून सुईवरून उतरवला तेव्हाच तिरका होता की धुतल्यावर झाला?

उसवाउसवी
धुतल्यावर. विणताना किंचित कललेला वाटायचा पण म्हटलं धुऊन बसेल. दोन डझन झाल्यावर एकदम धुतले सगळे.

लोकरवेडी
गरम पाण्यात घातलेस ना? आटले असतील.

गुंतवळ
आटलेले नाहीत, आटला असता तर जाड होऊन सगळीकडून लहान झाला असता, कलला नसता. नीट सांगते, थोडं लांबेल.

कातताना तू लोकरीत पीळ भरतेस. तो पीळ काही मुकाट बसत नाही, त्याला उलगडायचं असतं. एकेरी धाग्यात त्याला अडवायला कोणी नाही. विणलास की प्रत्येक टाका थोडा थोडा स्वतःभोवती वळायला बघतो, आणि साध्या विणीत सगळ्या टाक्यांचं तोंड एकाच बाजूला, म्हणून सगळे मिळून एकाच दिशेला कलतात. ४० टाके गुणिले पन्नास-साठ ओळी, प्रत्येकाने केसभर ढकललं तरी केवढं होतं. स्वस्तातला टी-शर्ट आठव, दोनचार धुण्यांत बाजूची शिवण फिरून पोटावर येते ना, तो हाच आजार. तेही एकेरी सुताचंच विणलेलं कापड असतं.

दुपदरी करताना दोन एकेरी धागे उलट्या दिशेने वळतात, त्यामुळे एकाची ओढ दुसरीकडून मोडते. विकतची लोकर बहुतेक अशीच अनेकपदरी असते म्हणून तुझ्या त्याच हातातून ती सरळ येते.

विश्वास नसेल तर गुंड्यातून हातभर धागा तोड, कोमट पाण्यात बुडव, दोन्ही टोकं एका चिमटीत धर आणि मधला भाग सोडून दे.

उसवाउसवी
पण माझा धागा पीळ घेत नाही, गुंडा महिनाभर पडून होता, धागा अगदी गरीब झालाय. तेच बघून विणायला घेतला.

गुंतवळ
झोपलाय तो, मेलेला नाही. पाणी लागलं की उठतो. बुडव म्हटलं ना.

उसवाउसवी
बुडवला.
अरे देवा. कोरडा होता तोवर नुसता लोंबत होता, पाण्यातून काढल्याबरोबर जुन्या टेलिफोनच्या वायरसारखा स्वतःभोवती गरगरत गेला. वेढे मोजायला घेतले, सतरानंतर सोडून दिलं.

निळीशाई
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, इथे तर नुसता भिजलाय :D

चातीवाला
लड्या ओल्या करून खाली वजन बांधून वाळवायच्या. एक किलोचं वजन, दोन दिवस. धागा तारेसारखा सरळ होतो. साधा उपाय सोडून सगळे पुराण सांगत बसलेत.

गुंतवळ
चातीवाला, हा सल्ला दर धाग्यावर देता तुम्ही. वजनाने पीळ जात नाही, ताणलेल्या स्थितीत वाळतो एवढंच. पहिल्या धुण्याला परत हजर. शिवाय लोकरीचा लवचीकपणा जातो तो वेगळाच.

चातीवाला
मी सुती धाग्याला करतो, काही होत नाही.

गुंतवळ
सूत आणि लोकर यात फरक आहे हो. लोकरीचा तंतू मुळात कुरळा, तो मागे येणारच.

चातीवाला
असो. मुळात टकळीवर किती दिवस कातणार, चरखा घ्या. टकळीवर आख्ख्या पांघरुणाचा धागा म्हणजे वेडेपणा.

भटकाधागा
अवांतर: चरखा यायच्या आधी हजारो वर्षं सगळं कापड टकळीवरच्याच धाग्याचं होतं, व्हायकिंग लोकांच्या जहाजांची लोकरीची शिडंसुद्धा. आणि कातणारे कायम मागेच पडत आलेत. १७३३ मध्ये जॉन केचा धावता धोटा (मागावर आडवा धागा झटकन पलीकडे नेणारा) आला, विणकर झपाझप विणायला लागले आणि सूतच पुरेना. पुढे १७६० च्या दशकात हारग्रीव्ह्जची जेनी, म्हणजे एकदम अनेक धागे कातणारं यंत्र, आली ती त्याच टंचाईत. त्यामुळे उसवाउसवीताई, १२ चौकोनांचा धागा कमी पडतोय ही फार जुनी तक्रार आहे.

मुकाटाका
इतिहासाचा वेगळा धागा काढा ना.

पिवळाबटाव
मेरिनो आहे तर कसर लागते हां. पेटीत ठेवण्याआधी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, कसर मळलेल्या लोकरीवर आधी पडते. मी पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्येही ठेवते.

उसवाउसवी
कसर कोणी विचारली??
बरं, दुपदरी करायला बसतेय.

उसवाउसवी
दुपदरीने वाट लावली. दोन गुंडे घेतले, टकळी फिरवली, धाग्याचा दोरखंड झाला. ताठ, टोचरा, अधूनमधून गाठोडी उठलेली. याने चौकोन नाही, बादली बांधता येईल. काल रात्रीचे तीन तास गेले.

गुंतवळ
टकळी कुठल्या दिशेला फिरवलीस?

उसवाउसवी
नेहमीच्याच. घड्याळाच्या काट्यांसारखी.

गुंतवळ
आणि मी वर काय लिहिलं होतं? उलट्या दिशेने!! कातताना काट्यांसारखी फिरवलीस तर पदर वळताना काट्यांच्या विरुद्ध. एकाच दिशेला फिरवून तू पिळाला पीळ घातलास. आता तोच दोरखंड उलटा फिरवून मोकळा कर आणि त्याच उलट्या दिशेने पुढे वळत राहा, वाया काही जात नाही. टकळी फिरत असताना मधेच थांबून धाग्याची झोळी करून बघ, झोळी न वळता शांत लोंबली की पुरे.

उसवाउसवी
झालं. खरंच मऊ आला, गोल, मण्यांच्या माळेसारखा दिसतो. लगेच एक चौकोन विणला, धुतला, काटकोन! पण आता वेगळंच. धागा जाड झाल्यामुळे ४० टाक्यांचा चौकोन २० सेंटीमीटरऐवजी २७ चा झाला. आधीच्या २४ शेजारी हा राक्षस बसवू कुठे? ते २४ उसवायचे का? माझं नाव उसवाउसवी असलं तरी एवढी हौस नाही.

लोकरवेडी
टाके कमी घे की. ३० घाल.

निळीशाई
३० ने रुंदी जमेल गं पण वीण जाड दिसणार आणि आधीचे तिरके ते तिरकेच.

चातीवाला
निम्मे तिरके चौकोन फिरवून लावा. वरचं खाली.

मुकाटाका
कागद कापून बघा आधी. तिरका चौकोन अर्धा फिरवला तरी त्याच बाजूला कललेला राहतो.

एकसुलटएकउलट
बरेच दिवस वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय. फिरवू नका, पालथा घाला. पालथ्याचा कल उलट्या बाजूला जातो. एका आडव्या रांगेतले सहाही चौकोन सुलट बाजूने, म्हणजे शेजारशेजारच्या कडा जुळतील, खालच्या रांगेतले सहाही पालथे. असं आलटून पालटून. रांगा एकदा उजवीकडे एकदा डावीकडे कलतील, नागमोडी दिसेल, आणि एक रांग गुळगुळीत एक रांग खडबडीत. तुमचे २४ म्हणजे नेमक्या चार रांगा. उरलेले १२ पण एकेरी धाग्याचेच विणा, म्हणजे तेही तेवढेच कलतील.

गुंतवळ
हे मला सुचायला हवं होतं. फक्त उरलेला धागा पहिल्याइतकाच पिळाचा कात, एरवी मी कमी पीळ दे म्हटलं असतं.

उसवाउसवी
जमिनीवर मांडून बघितलं. दोन रांगा जोडल्यासुद्धा. आता बाकीचे १२ मुद्दाम तिरके व्हावेत म्हणून कातत बसलेय, काय दिवस आलेत. वर-खालच्या कडा सरळ आहेत पण डाव्या-उजव्या बाजूंना करवतीसारखे दात आलेत, त्यांचं काय करू?

साखळीखांब
कडेने क्रोशा. टोकाला एकाच टाक्यात तीन खांब (क्रोशाचे उंच टाके), खाचेत दोन टाके गाळून. पहिल्या दिवशीच म्हटलं होतं क्रोशा घे म्हणून.