आठवीच्या मुलांना कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार दाखवतोय, पुढे कोण घेऊ?

कलाशिक्षक, धारूर (बीड):
यंदा वर्गात केरी जेम्स मार्शलचं एक चित्र दाखवलं. बागेत निवांत बसलेली, गोल्फ खेळणारी माणसं, आणि सगळी गडद काळ्या रंगात. एका मुलीनं विचारलं, "सर, एवढा काळा रंग माणसाला चालतो?" चालतो हे कळावं म्हणूनच तर आणलं होतं! पण स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, हे चित्र २०१८ मध्ये लिलावात २ कोटी ११ लाख डॉलरला गेलं म्हणून एवढं नाव झालंय, लाट ओसरेल. मला हे अजिबात पटत नाही. काय सांगावं त्यांना?

गोदाकाठ, नांदेड:
सर, तेच चित्र १९९७ मध्ये शिकागोतल्या एका सार्वजनिक संस्थेनं २५ हजार डॉलरला घेतलं होतं. २०१८ चा पैसा विकणाऱ्याला मिळाला. अमेरिकेत फेरविक्रीत चित्रकाराला वाटा देणारा कायदाच नाही. आणि लिलावाआधीच, २०१६-१७ मध्ये, मार्शलचं मोठं प्रदर्शन शिकागो, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसला होऊन गेलं होतं. आधी काम पोचलं, भाव मागाहून आला.

पुढे मात्र जेकब लॉरेन्सच घ्या. अमेरिकेच्या दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबं गावं सोडून रेल्वेनं उत्तरेच्या शहरांकडे गेली, त्यावर १९४०-४१ मध्ये त्यानं ६० छोटी चित्रं केली. तेव्हा वय २३. साठही चित्रांच्या फळ्या एकदम मांडून एकेक रंग सगळ्यांवर लावत गेला, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत रंग तोच राहतो. प्रत्येक चित्राखाली साधं वाक्य आहे. नवव्याखालचं वाचा: कपाशीचं बोंड पोखरणाऱ्या किडीनं पीक गेलं म्हणून लोक निघाले. हे आपल्या पोरांना समजावून सांगावं लागेल का? १९४२ मध्येच न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या दोन संग्रहालयांनी ही मालिका निम्मी निम्मी घेतली. याला लाट कसं म्हणायचं?

रंगपेटी, परभणी:
सर, अल्मा थॉमसही दाखवा. वॉशिंग्टनच्या शाळेत ३५ वर्षं चित्रकला शिकवली, निवृत्तीनंतर पूर्णवेळ रंगवायला बसल्या आणि १९७२ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात एकल प्रदर्शन. तिथं तो मान मिळालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. रंगांचे छोटे छोटे पट्टे असतात, मुलांना लगेच करून बघता येतात.

कलाशिक्षक, धारूर (बीड):
मॅडम, अल्माबाई नक्की घेतो. लॉरेन्स मात्र दसऱ्याआधी घ्यायला हवा. नंतर आईबाप ऊसतोड टोळीसोबत कारखान्यावर निघतात, मुलंही जातात, आणि ज्यांनी ही चित्रं बघायला हवीत तीच वर्गात नसतात. पण ६० चित्रं एका तासिकेत कशी बसवायची? निवडक कोणती घेऊ?

गोदाकाठ, नांदेड:
निवडू नका सर. क्रम तोडला तर गोष्ट तुटते. रोज पाच-सहा दाखवा आणि खालचं वाक्य मुलांनाच वाचू द्या. ५८ वं कोणत्या मुलीला द्यायचं ते आधीच ठरवून ठेवा, त्यात तीन मुली फळ्यावर आकडे लिहितायत.