मदत हवी आहे: भावाचं जहाज अमेरिकेत नदीत आहे, वादळ येतंय, 'पोर्ट कंडिशन एक्स-रे' म्हणजे नेमकं काय?

नमस्कार. अर्जंट आहे म्हणून घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी मूळची औसा तालुक्यातली, सासर अहमदपूर. माझा लहान भाऊ शिपवर ओएस आहे म्हणजे ऑर्डिनरी सीमन, पहिलंच कॉन्ट्रॅक्ट, पाच महिने झालेत जॉइन होऊन. जहाज बल्क कॅरियर आहे म्हणजे सुटा माल नेणारं, सात होल्डचं (होल्ड म्हणजे माल भरायचे कप्पे), आणि आत्ता न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला मिसिसिपी नदीत सोयाबीन भरायला लागलंय. इकडं आमचं सोयाबीन काढणीला आलंय आणि पोरगं तिकडं अमेरिकेचं सोयाबीन भरतंय याचंच आईला आठ दिवस नवल वाटत होतं.

आज दुपारी त्याचा मेसेज आला, तसाच टाकते (गल्फ म्हणजे तिकडचं मेक्सिकोचं आखात): "अक्का, गल्फमधी वादळ हाय, इकडंच येलालंय. एक्स-रे लागलंय, उद्या यांकी लागंल. बाकीची काही जहाजं भायर चाललीत, आमच्या कॅप्टननं थांबायचा अर्ज टाकलाय. चार होल्ड फुल, एक अर्धा. रोप डबल करायलो. नेट गेलं तर घाबरू नका, मायला सांगू नको."

आता आईला कसं नाही सांगायचं? तिला माझ्या तोंडावरूनच कळलं. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झालं ते तिनं डोळ्यानं बघितलंय, हा महिना आला की ती रात्री नीट झोपत नाही. ती मला एकच विचारतेय, की भूकंप काही सांगून आला नव्हता बाई, पण हे वादळ तीन दिवस आधी सांगून येलालंय म्हणतेस, मग लेकरू तिथंच का बसलंय? माझ्याकडं उत्तर नाही. आणि बाकीची जहाजं समुद्रात का चाललीत, वादळ तर समुद्रातच आहे ना? नेटवर शोधायला गेले तर एल फारो नावाच्या जहाजाचं पुढं आलं, २०१५ ला वादळात बुडालं, ३३ माणसं, आणि तिथंच मोबाईल ठेवून दिला.

इथं मर्चंट नेव्हीतलं किंवा बंदरावर काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. थांबणं बरं का जाणं बरं, आणि आम्ही इथून काही करू शकतो का.

---

परभणीचा दर्यावर्दी:

ताई, आधी जेवून घ्या. मी १४ वर्षं डेकवर आहे, सध्या सुट्टीवर गावी, गल्फमधे तीन वेळा हे अनुभवलंय.

आपल्याकडं पेपरात "३ नंबरचा बावटा लावला" असं वाचतो ना, १ ते ११ नंबर असतात, तसंच तिकडं अक्षरांवर चालतं. ताशी ६३ किलोमीटरच्या वरचं वारं बंदरावर ७२ तासांत येईल असं दिसलं की व्हिस्की, ४८ तासांत एक्स-रे, २४ तासांत यांकी, १२ तासांत झुलू. हे तिथलं कोस्ट गार्ड ठरवतं, त्यांच्या त्या अधिकाऱ्याला 'कॅप्टन ऑफ द पोर्ट' म्हणतात, तो जहाजाचा कॅप्टन नव्हे. यांकीला सहसा बाहेरून आत येणं बंद होतं, झुलूला सगळीच हालचाल बंद. आणि ५०० ग्रॉस टनाच्या वरच्या जहाजानं एकतर वेळेत निघायचं नाहीतर थांबायची परवानगी मागायची, तोच अर्ज तुमच्या भावाच्या कॅप्टननं टाकलाय. तो नुसता कागद नसतो. किती रोप, कुठं बांधलेत, बॅलास्ट म्हणजे तोल राखायला घेतलेलं पाणी किती, इंजिन चालू ठेवणार का, माणसं किती, टग म्हणजे जहाज ओढणारी-ढकलणारी बोट मिळणार का, सगळं बघतात आणि पटलं नाही तर नाही म्हणतात. म्हणजे तुमच्या आईला सांगा की ते तीन दिवस कुणी हातावर हात ठेवून बसलेलं नाही, एकेका तासाला एकेक काम वाटून दिलेलं आहे.

जहाजं बाहेर का जातात? धक्क्याला बांधलेलं जहाज वाऱ्यानं धक्क्यावर आपटतं, रोप तुटले की सुटून दुसऱ्यावर जातं. २०१७ ला हार्वी वादळाच्या वेळी टेक्सासमधे पोर्ट अरान्सासला बांधलेलं एक अख्खं ड्रिलशिप (तेलासाठी समुद्रतळ खोदणारं जहाज) सुटून रुतलं होतं. आपल्या कांडल्याला जून १९९८ च्या वादळात बंदरातली जहाजं जमिनीवर फेकली गेली, म्हणून तर २०२३ ला बिपरजॉय यायच्या आधी कांडल्यातली जहाजं बाहेर काढली. मोकळ्या समुद्रात जहाजाला वादळापासून लांब पळायला जागा असते.

पण हे आधी निघालं तरच. न्यू ऑर्लिन्सपासून समुद्र नदीच्या वाटेनं दीडशे किलोमीटरच्या वर आहे, तुमचा भाऊ त्याच्याही वर आहे, वाटेत पायलट (जहाजाला वाट दाखवणारे तिथले जाणकार) बदलतात आणि तोंडाशी समुद्र खवळला की पायलट चढउतार बंद करतात. शिवाय त्यांचा एक होल्ड अर्धा आहे. अर्ध्या होल्डमधलं धान्य लाटेत पाण्यासारखं एका बाजूला सरकतं, मग जहाज कललेलंच राहतं. पोत्यात अर्धं सोयाबीन घेऊन मोटारसायकलवर गेलात तर कसं झोकांडतं, तसं, फक्त हजारो टनाचं. नदीत लाट तेवढी नसते. त्यामुळं थांबायचा निर्णय मला तरी बरोबर वाटतो. हॅच कव्हर म्हणजे होल्डची झाकणं पक्की बंद करतात, भिजलेलं सोयाबीन कसं फुगतं हे लातूरच्या माणसाला मी काय सांगणार.

एल फारोचं वाचू नका. ते उघड्या समुद्रात वादळाच्या जवळ जात राहिलं, हवामानाची माहिती जुनी वापरली गेली आणि शेवटी इंजिनच बंद पडलं. तुमच्या भावाचं जहाज बांधलेलं आहे, इंजिन स्टँडबाय असणार.

---

धागाकर्ती:

दादा तुमचे उपकार झाले. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. ती विचारतेय नदीत धोका काहीच नाही का? खरं ते सांगा, गोड नको.

---

परभणीचा दर्यावर्दी:

आहे. २०२१ ला इडा वादळाच्या वेळी मिसिसिपी काही तास उलटी वाहिली होती, समुद्राचं पाणी वर चढतं म्हणून. भरपूर बार्ज (सपाट मालवाहू होड्या) सुटले होते. पाणी चढलं की जहाज वर उचललं जातं आणि रोप ताणतात, म्हणून नुसतं घट्ट आवळून चालत नाही, रात्रभर उभं राहून सैल-घट्ट करत राहावं लागतं. हे काम ओएस आणि त्यांच्या वरचे खलाशी म्हणजे एबीच करतात.

म्हणून एकच गोष्ट, आणि ही मनापासून सांगतोय. नेट आहे तोवर त्याला लिहा की ताणलेल्या रोपच्या रेषेत उभं राहू नको. नायलॉनचा रोप तुटला की चाबकासारखा मागं येतो, डोळ्याला दिसत नाही, पाय नाहीतर जीव जातो. पहिल्या कॉन्ट्रॅक्टवाली पोरं उत्साहात पुढं पुढं करतात. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) म्हणेल तिथंच थांब म्हणावं. वादळापेक्षा मला त्याची काळजी जास्त आहे.

---

जालना ते न्हावाशेवा:

मी कंटेनर ट्रान्सपोर्टमधे आहे, जहाजाचं नाही सांगू शकत पण बंदराचं सांगतो. तौक्तेच्या वेळी मे २०२१ ला आमचे कापसाच्या गाठींचे कंटेनर यार्डात होते. मोठ्या क्रेनचा दांडा वर उचलून खाली पिना ठोकतात नाहीतर वारं तिला रुळावरून ढकलत नेतं. रिकामे कंटेनर सगळ्यात आधी उडतात, त्यांची उंच थप्पी उतरवून बुटकी करतात. धक्क्यावरचं सुटं सामान उचलून नेतात कारण पाणी चढलं की तेच जहाजावर आदळतं. भावाच्या धक्क्यावरबी हेच चालू असणार. आणि वादळ गेलं म्हणजे लगेच चालू होत नाही, लाइट नसते, चॅनलमधे काही बुडालंय का ते तपासतात, मग सोडतात.

---

नांदेड, आता पनवेल:

माझे मिस्टर चीफ इंजिनियर आहेत, घरून वाट बघायचा माझा अनुभव मोठा आहे म्हणून लिहिते. मॅपच्या अॅपवर जहाजाचा ठिपका बघत बसला असाल तर लक्षात ठेवा, तो सिग्नल किनाऱ्यावरचे रिसीव्हर पकडतात, तिकडं लाइट गेली की रिसीव्हर बंद आणि ठिपका गायब. ठिपका गेला म्हणजे जहाज गेलं नाही. मी एकदा यात अख्खी रात्र रडून काढलीय. ज्या कंपनीनं पाठवलंय तिच्याकडं घरच्यांसाठी इमर्जन्सी नंबर असतो, तो आत्ताच काढून ठेवा, भावाचा इंडोस नंबर (खलाशाचा सरकारी ओळख नंबर) आणि जहाजाचा आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख नंबर) कागदावर लिहून ठेवा. कंपनी उत्तर देईना तर मुंबईत डीजी शिपिंगचं (सरकारच्या जहाज खात्याचं) २४ तासांचं केंद्र आहे.

आणि वेळ. न्यू ऑर्लिन्स आत्ता आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं आहे. अमेरिकेच्या हरिकेन सेंटरचं बुलेटिन दर सहा तासांनी येतं, आपल्या घड्याळानं सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि रात्री अडीच, जवळ आलं की मधेमधे पण. तेवढंच बघा. टीव्ही आणि यूट्यूब बंद करा.

---

धागाकर्ती:

सगळ्यांना एकत्रच लिहिते. ठिपक्याचं कळलं ते फार बरं झालं, सकाळपासून तेच धरून बसले होते. कंपनीला फोन लागला, तिसऱ्या वेळी उचलला, नंबर घेतलाय, थांबायची परवानगी मिळाली म्हणाले, दोन टग जवळ ठेवलेत म्हणे. रोपचं भावाला लिहिलं, निळी टिक आली आणि उत्तर आलं, "बोसनबी तेच म्हणलालाय, मागंच उभा राहतो. अक्का तुला कुणी सांगितलं हे?"

मायला फोन देऊ का म्हणून विचारलं तर म्हणाला ड्यूटीवर चाललो. तरी तिनं व्हॉइस मेसेज केला, नुसतं "जेवलास का रे" एवढाच. अजून त्याला एकच टिक आहे.

आत्ता यांकी लागलंय. भिंतीवर कागद लावलाय त्या चार वेळांचा, आईला वाचता येत नाही म्हणून काट्यांची चित्रं काढून दिलीत. रात्री अडीचचं बघून इथंच लिहिते, दादा तुम्ही जागे असाल तर बघा.