दर्यापूरच्या शेतकऱ्याला हर की दूनचा ट्रेक जमेल का?

खारपाणवाला_दर्यापूर

राम राम मंडळी. पुतण्या पुण्यात नोकरीले हाय. त्याच्या ऑफिसातले पोट्टे-पोट्ट्या मे महिन्याच्या शेवटी उत्तराखंडात हर की दूनच्या ट्रेकले चालले. एकजण गळला, तं हा मले म्हणते, काका तुम्ही चला. गाईड, तंबू, जेवण, सामानाले खेचर, सगळं कंपनीचं. घरच्यायनं एका शब्दात हो म्हटलं, तेच मले संशयास्पद वाटून रायलं.

वय ४९. वावरात दिवसभर चालतो, युरियाचं ४५ किलोचं पोतं आजही खांद्यावर घेतो. पण आमचा सगळा खारपाणपट्टा सपाट. चढ मनाल तं ग्रामपंचायतीच्या पायऱ्या. बीपीची एक गोळी रोज सकाळी चालू हाय. थंडी पाहिली ती डिसेंबरात जागलीवर, तेवढीच.

मले विचाराचं हे हाय का, एवढ्या उंचीवर आपल्यासारख्याचं जमते का? कंपनी बरी का वाईट हे कशावरून पारखाचं? अन् मृगाच्या आत घरी पोचतो का? पेरणी सालदारावर सोडून डोंगर पाहत बसलो तं गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाही.

रोही_पळवणारा

भाऊ, पैसे देऊन तंबूत झोपाले एवढ्या दूर काऊन जाता? माह्या वावरात या, मचाण तयार हाय. रात्रभर रोही अन् डुकरं हाकला, गाईड मीच. जेवणात पिठलं-भाकर. फी अर्धी.

बाई_परतवाडा

वरच्या भाऊंचं मचाण राहू द्या बाजूला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेतल्या दोघी मैत्रिणींसोबत उन्हाळ्याच्या सुट्टीत हर की दून करून आले, म्हणून सांगते. भाऊ, तुमचे पाय पास होतील. पोतं उचलणाऱ्या माणसाची अडचण वेगळीच असते. त्याला वाटतं दम म्हणजे जोर. डोंगरावर जोराला कुणी विचारत नाही.

आमचा गाईड ओसला गावचा, विशी-बाविशीचा पोरगा. आमच्यातली एक सारखी पुढे पळायची. तो तिला एका शब्दाने बोलला नाही. स्वतः पुढे झाला आणि अरुंद वाटेवर इतका सावकाश चालायला लागला की कुणाला त्याला ओलांडताच येईना. तासाभराने आमच्या लक्षात आलं की कुणालाच धाप लागलेली नाही. चालता चालता एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, हीच त्याची मोजपट्टी. मधेच मला विचारायचा, "मॅडमजी, आपके गाँव में क्या उगता है?" मला वाटायचं गप्पा मारतोय. तो माझा श्वास ऐकत होता.

उंचीचा अंदाज घ्या. आपलं चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तुमचा ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गावच १,९०० मीटरच्या वर आहे, आणि हर की दून ३,५६६ मीटर. डेहराडूनहून सांकरी जवळपास २०० किलोमीटर, पण घाटाचा रस्ता, पूर्ण दिवस जातो. मसुरी, पुरोला, मोरी करत गाडी नेटवाडला येते. तिथे रुपिन आणि सुपिन नद्या मिळून टोन्स होते, पुढे ती यमुनेला मिळते. पैसे पुरोल्यातच काढून घ्या, पुढच्या एटीएमचा भरवसा धरू नका. सांकरीच्या पुढे फोन विसरा. सालदाराला काय सांगायचं ते आधीच सांगून ठेवा.

पुढे तालुका नावाचं एक छोटं गाव, तिथपर्यंत जीप, मग सुपिनच्या काठाकाठाने वर. शेतकऱ्याने ही वाट बघावीच. आपल्याकडे गहू मार्चमध्ये निघतो, तिथे मे संपत आला तरी ओंब्या हिरव्या. डोंगर कापून केलेल्या पायऱ्यांवर वावरं, एकेक इतकं चिंचोळं की बैलजोडी वळवताना नांगर उचलून घ्यावा लागतो. घरं देवदाराच्या लाकडाची आणि दगडाची, धान्याची लाकडी कोठारं वेगळी. राजमा तिथलाच पिकलेला. उंचीवर पाणी लवकर उकळतं पण तेवढं तापत नाही, ३,५०० मीटरला साधारण ८८ अंशालाच उकळी येते. त्यामुळे कुकरशिवाय राजमा शिजतच नाही. आमचा आचारी दुपारीच कुकर चढवून बसायचा. जेवण बेताचं तिखट असतं, जवसाची कोरडी चटणी बांधून न्या. मी नेली होती, तिसऱ्या दिवशी ती सगळ्या तंबूंत फिरत होती.

वर पोचलात की समोर स्वर्गारोहिणी, ६,२५२ मीटर. धर्मराज इथूनच स्वर्गाला गेले अशी तिथली श्रद्धा. त्याचं वर्णन मी करत नाही, बघाल तेव्हा बघाल.

आता कपडे. कापूस पिकवणाऱ्याला हे सांगायला जिवावर येतं, पण अंगाला लागून सुती बनियन अजिबात नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो, थांबलात की तोच ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. आत पॉलिस्टरचा टी-शर्ट, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. दिवसा उन्हात घाम येईल आणि सूर्य डोंगराआड गेला की दहा मिनिटांत कानटोपी शोधाल. तुम्ही ४४ अंशातून जाणार आणि मेअखेरच्या रात्रीही तिथे पारा पाचाच्या आसपास किंवा खाली असतो.

तंबूचं एक सांगून ठेवते. पहाटे आतल्या कापडावर पाणी जमतं. पाऊस पडलेला नसतो, तो आपलाच श्वास गार कापडावर पाणी होऊन बसतो. चेन अगदी घट्ट लावून घेऊ नका, वरची चार बोटं फट राहू द्या आणि स्लीपिंग बॅग भिंतीला टेकू देऊ नका. मोबाईल आणि दुसऱ्या दिवशीचे मोजे बॅगेत स्वतःजवळ घेऊन झोपायचं. थंडीत बॅटरी पटकन उतरते, आणि गार मोजे घालायला लागले की माणूस देवाचं नावसुद्धा नीट घेत नाही.

चढापेक्षा उतार बघा. तिथे गुडघे आणि अंगठ्याची नखं बोलतात. नखं कापून जा, उतरताना बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा. बूट निघायच्या दोन महिने आधी घ्या आणि वावरात घालून फिरा, लोक हसले तर हसू द्या. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. लादलेलं खेचर माणसाला बघून अंग चोरत नाही.

सरावासाठी शनिवार-रविवार इकडे या. गाविलगडावर पाठीला पाच किलो तूरडाळ बांधून चढ-उतार करा, हळूहळू वाढवा.

कंपनीचं म्हणाल तर जाहिरात बघू नका, फोन करून विचारा. किती माणसांमागे एक गाईड? त्याने गिर्यारोहणाचा कोर्स केलाय का? उत्तरकाशीला १९६५ पासून नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, तिथे शिकलेले बरेच गाईड असतात. ऑक्सिजन सिलिंडर सोबत चालतो की खालच्या कॅम्पवर पडून असतो? वनखात्याचा परवाना कोण काढणार? सगळा भाग गोविंद अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात येतो. मुक्काम नेमका कुठे? २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला. आणि शेवटचा प्रश्न, एखाद्याला वाटेतून परत पाठवायचं झालं तर त्याच्यासोबत कोण उतरतं? इथे उत्तर द्यायला जो अडखळेल त्याला पैसे देऊ नका. २०२४ च्या जूनमध्ये त्याच उत्तरकाशी जिल्ह्यात सहस्रतालच्या ट्रेकवर खराब हवामानात नऊ जण दगावले. सोबत गाईड होते. तेव्हा नुसतं "गाईड आहे" यावर समाधान मानू नका.

उपकेंद्र_सीएचओ

काका, बाईंनी चालण्याचं सांगितलं, मी उपकेंद्राचा आरोग्य अधिकारी, औषधापुरतं बोलतो.

वर हवेतला ऑक्सिजनचा वाटा तोच असतो, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. ३,५०० मीटरला तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश राहतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी पडतो. शरीर त्याला जुळवून घेतं, पण दोन-तीन दिवस लागतात. ३,००० मीटरच्या वर रोज झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वसाधारण नियम. पहिलवान असो की पोरगं, विरळ हवेचा त्रास कुणालाही होतो.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवात. असं झालं तर लपवायचं नाही, गाईडला सांगायचं आणि आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप, खोकला, चालताना झोक जाणं किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली उतरायचं. खाली उतरणं हाच खरा उपाय, ऑक्सिजन आणि औषध तोवर आधार देतात.

लोक डायमॉक्स घेतात, म्हणजे ॲसिटाझोलामाइड. दुसऱ्याचं ऐकून घेऊ नका. तुमची बीपीची गोळी कोणती, त्यात लघवी वाढवणारं औषध आहे का, सल्फाची ॲलर्जी आहे का, हे डॉक्टरांना बघू द्या. बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही. निघायच्या महिनाभर आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा आणि ती वही फिजिशियनला दाखवा. बऱ्याच कंपन्या एमबीबीएस डॉक्टरांच्या सहीचं प्रमाणपत्र मागतात, ते नुसतं सहीपुरतं आणू नका, तपासणी खरी करा.

आणि तंबाखूचा खर्रा खाता का? विचारून ठेवलेलं बरं.

खारपाणवाला_दर्यापूर

ताई, लय उपकार. अंगातला सुती बनियन काढून पॉलिस्टर घालाचा, अन् वरून मीच कापूस पिकवाचा, हे घरी सांगितलं तं बायको अजून हसून रायली.

सीएचओ साहेब, खातो ना. दिवसाचे दोन-तीन होतात. तिथं मिळत असन का?

अन् मृगाचं कोणी सांगितलंच नाही.

उपकेंद्र_सीएचओ

मिळत नाही, आणि नेऊ पण नका. तंबाखूने नाडी आणि बीपी दोन्ही वाढतात, तिथे हृदय आधीच जास्त काम करत असतं. पण ऐन ट्रेकमध्ये एकदम सोडलात तर चिडचिड आणि डोकेदुखी सुरू होईल, मग ती उंचीची की तंबाखूची हे गाईडला कळणार नाही. म्हणून आजपासून कमी करत या. निघायच्या तीन आठवडे आधी बंद झालाच पाहिजे.

रोही_पळवणारा

तीन आठवडे! त्यापेक्षा माह्या मचाणावर या भाऊ, इथं खर्रा चालते.

बाई_परतवाडा

मृगाचा हिशोब करून देते. असे ट्रेक डेहराडून ते डेहराडून बहुधा सहा-सात दिवसांचे असतात. २३ मेला डेहराडून सोडलंत तर २९-३० ला परत. बडनेऱ्याहून नागपूर, तिथून तामिळनाडू किंवा केरळ एक्स्प्रेसने दिल्ली आणि पुढे डेहराडून. याच वाटेने परत आलात तर १-२ जूनला दर्यापुरात. मृग लागतो ७-८ जूनला. वखरणी आणि खत जायच्या आधी उरकून ठेवा, बियाणं आल्यावर घ्या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला पुतण्याला मोबाईल घेऊन बसवा, उन्हाळ्यात वेटिंग लवकर लागतं.

खारपाणवाला_दर्यापूर

पुतण्यानं कंपनीले फोन लावला. बारा माणसायमागं दोन गाईड, दोघायचाही कोर्स झाला म्हणते. ऑक्सिजन सोबत चालते. परत पाठवाचं झालं तं एक गाईड खाली उतरते, दुसरा पुढं नेते. मुक्काम कुठं अन् परवाना कोणाचा, त्याले मात्र "बघून सांगतो" म्हणाले.

बाई_परतवाडा

पहिली तीन उत्तरं बरी आहेत. "बघून सांगतो" चालणार नाही. मुक्कामाच्या जागांची नावं आणि परवान्याचं लेखी मागा, व्हॉट्सॲपवर आलं तरी चालेल. ते येईपर्यंत ॲडव्हान्स भरू नका. आणि परतीचं तिकीट डेहराडूनला पोचायच्या दिवसाचं काढू नका, एक दिवस मधे सोडा. त्या रस्त्यावर दरड आली की गाडी दोन-दोन तास हलत नाही, आणि रेल्वे कुणासाठी थांबत नाही.