थंड हवामानात लेपर्ड कासवांसाठी घरातले मोठे आवार: वरून उघडे ठेवावे की बंदिस्त करावे?

प्रश्न: संथगती

नमस्कार. आमच्याकडे लेपर्ड जातीची दोन कासवे आहेत. थोरले नर असून त्याच्या कवचाची लांबी आता 35 सेंटिमीटरच्या पुढे गेली आहे. धाकटे मादी असून आकाराने त्याच्या पाऊणपट आहे. ही जात मूळची पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील गवताळ माळरानांची असल्याने शीतनिद्रा घेत नाही, आणि आमच्याकडे तर वर्षातले पाच-सहा महिने पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो. एवढा काळ त्यांना घरातच ठेवण्यावाचून गत्यंतर नाही आणि सध्याची पेटी त्यांना पुरेनाशी झाली आहे.

घराच्या मागच्या बाजूची एक खोली मी या कामासाठी मोकळी केली आहे. त्या खोलीत हीटर नाही आणि कडाक्याच्या थंडीत तेथील तापमान 10 अंशांपर्यंत उतरते. जमीन लाकडी वाशांवर बसवलेल्या फळ्यांची आहे. 4 मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद आवार, सभोवती प्लायवूडच्या 60 सेंटिमीटर उंचीच्या भिंती, आत 15 सेंटिमीटर मातीचा थर आणि एका टोकाला ऊन देणारा मोठा दिवा, असा माझा आराखडा आहे. वरची बाजू उघडीच ठेवावी, म्हणजे हवा खेळती राहील आणि साफसफाईही सोपी जाईल, असे मला वाटते. हा बेत कितपत योग्य आहे आणि गरम करण्यासाठी साधारण किती वॅटची सोय करावी लागेल, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर: उबदार_कोपरा

वरची बाजू उघडी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गरम हवा वर जाते आणि उघड्या आवारातून ती थेट खोलीत निघून जाते, त्यामुळे दिवा कितीही मोठा लावला तरी कासवाच्या भोवतीची हवा 10-12 अंशांचीच राहते. मग होते असे की पाठ भाजते आणि पोट गार राहते. शरीर आतपर्यंत तापेना म्हणून कासव दिव्याखाली तासन्‌तास बसून राहते, कवचाचा वरचा भाग सतत कोरडा पडतो आणि वाढत्या वयाच्या कासवात कवचावर उंचवटे येण्यास हे एक मोठे कारण ठरते. आफ्रिकन सल्काटा कासवांच्या पिलांवर झालेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कवचाच्या या विकृतीशी आहारातील प्रथिनांपेक्षा हवेच्या कोरडेपणाचा संबंध कितीतरी अधिक आढळला होता. तुमची कासवे पिले राहिलेली नाहीत, तरीही ती अजून वाढत आहेत.

आता वॅटचा हिशेब. आवार 1.2 मीटर उंचीचे आणि सर्व बाजूंनी बंद केले, तर भिंती, छत आणि तळ मिळून त्याचा पृष्ठभाग सुमारे 36 चौरस मीटर होतो. आत 28 अंश आणि खोलीत 10 अंश धरले, तर फरक 18 अंशांचा. नुसते 18 मिलिमीटरचे प्लायवूड असेल तर त्यातून दर तासाला निसटणारी उष्णता भरून काढण्यासाठी अखंड 2000 वॅट लागतील. त्याच प्लायवूडला 50 मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस फोमचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) बोर्ड लावले की ही गरज 360 वॅटच्या आसपास येते, आणि तासातून एकदा आतली हवा पूर्ण बदलेल इतके वायुवीजन धरले तर त्यात आणखी 70 वॅटची भर पडते. म्हणजे एकूण 430 वॅट. खर्च करायचा तर तो आधी फोमवर करावा आणि मग दिव्यांवर. बहुतेक जण नेमके उलट करतात.

रात्रीसाठी प्रकाश न देणारे साधन हवे. छताला बसवायचे उष्णता-पॅनेल किंवा जाळीआड ठेवलेला तेलाचा रेडिएटर, दोन्ही चालतात. रात्रीचे तापमान 22 अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, विशेषतः आत ओल असेल तर. या जातीला कोरडी थंडी थोडी-फार सोसते, पण थंडी आणि दमटपणा एकत्र आले की नाकातून बुडबुडे येऊ लागतात आणि पुढे फुप्फुसांपर्यंत मजल जाते.

उत्तर: माळरान

वरील हिशेबाशी मी सहमत आहे, पण एक वेगळा विचार मांडतो. 10 चौरस मीटरचे आवार म्हणजे जवळपास एक लहान खोलीच झाली. खोलीच्या आत खोली बांधण्याऐवजी मूळ खोलीच्याच भिंतींना आतून फोम लावून ती संपूर्ण गरम का ठेवू नये? उभे राहून काम करता येईल आणि कासवांना चालायला आणखी जागा मिळेल.

उत्तर: सुतारपक्षी

माझा व्यवसाय लाकूडकामाचा आहे, म्हणून आधी जमिनीबद्दल लिहितो, कारण मला तिचीच अधिक काळजी वाटते. ओलसर माती दर घनमीटरला साधारण 1400 किलो भरते. 15 सेंटिमीटरचा थर म्हणजे दर चौरस मीटरला 210 किलो, आणि तुमच्या संपूर्ण आवारात दोन टनांहून अधिक. घरातील लाकडी जमिनी सहसा दर चौरस मीटरला 150 ते 200 किलो वापरभार धरून बांधलेल्या असतात. तो भार म्हणजे ये-जा करणारी माणसे आणि सामानसुमान, वर्षानुवर्षे एका जागी बसून राहणारी ओली माती नव्हे. वासे एका दिवसात मोडणार नाहीत, पण हळूहळू वाकतील. लेपर्ड कासव सल्काटासारखे बीळ खणत नाही, त्यामुळे त्याला खोल थराची गरजही नाही. पाच-सहा सेंटिमीटर कोकोपीट आणि झाडाच्या सालीचा भुगा यांचे मिश्रण पसरावे आणि मातीचा जाड थर फक्त एका कोपऱ्यात, तोही भिंतीलगत, वाशांची टोके जेथे टेकलेली आहेत तेथे ठेवावा. मादी प्रौढ झाली की अंडी घालण्यासाठी तिला तो कोपरा लागेलच. तरीही काम सुरू करण्यापूर्वी जाणकार अभियंत्याकडून वासे तपासून घ्यावेत.

माळरान यांची सूचना एरवी चांगली आहे, पण पूर्ण उंचीच्या खोलीत उष्णता डोक्याच्या पातळीवर साचते. माणसाला उकडते आणि जमिनीलगत कासव गारठते. छत 1.2 मीटरवरून 2.1 मीटरवर नेले तरी पृष्ठभाग एक-तृतीयांशाने वाढतो आणि तेवढीच उष्णताही जास्त लागते. त्यापेक्षा ठेंगणे आवार बांधून पुढची संपूर्ण बाजू वर उचलल्या जाणाऱ्या दारांची करावी. साफसफाईसाठी आत शिरायचे नसते, बाहेरून हात पोहोचला की पुरते.

ओल हा दुसरा मुद्दा. हिवाळ्यात बाहेरची शून्य अंशांची हवा आत येऊन 28 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली येते, म्हणून आत सतत पाणी शिंपडावे लागते. पण आत 28 अंशांवर 60 टक्के आर्द्रता राखली, तर 19-20 अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरते. फोमच्या आरपार गेलेला एखादा लोखंडी बोल्टसुद्धा आतल्या टोकाला घामेजलेला दिसतो आणि त्याच्या भोवतीचे प्लायवूड वर्ष-दोन वर्षांत काळे पडून पापुद्रे सोडू लागते. त्यामुळे बाष्प अडवणारा जाड प्लास्टिकचा पडदा फोमच्या उबदार, म्हणजे आतल्या बाजूला लावावा, सांधे चिकटपट्टीने बंद करावेत आणि आरपार बोल्ट टाळावेत. तळाला तळ्यांसाठी मिळते ते रबरी अस्तर घालून ते भिंतीवर 20 सेंटिमीटर तरी चढवावे.

फोम कोठेही उघडा राहता कामा नये, कारण कासवे तो कुरतडून खातात. भिंतींचा खालचा भाग अपारदर्शक असावा. काच दिसली की ती पलीकडे जाण्यासाठी दिवसभर तिला धडका देत बसतात. आतले कोपरे काटकोनी न ठेवता तिरकी फळी लावून मोडावेत, म्हणजे नर मादीला कोपऱ्यात कोंडू शकणार नाही.

संथगती

सर्वांचे मनापासून आभार. मातीच्या वजनाचा विचार मी अजिबात केला नव्हता. आता आवार बंदिस्त, 1.2 मीटर उंचीचे आणि 50 मिलिमीटर फोम लावलेले असेल, असे ठरवले आहे. नर मादीला दिव्याखालून हुसकावतो, म्हणून ऊन घेण्याच्या जागा दोन कराव्यात असे वाटते. प्रत्येक जागी 75 वॅटचे चार हॅलोजन दिवे लावले तर चालतील का? शिवाय अतिनील किरणांचे दिवे काचेबाहेर, छतावर ठेवले तर ते ओलीपासून सुरक्षित राहतील का?

उत्तर: ऊनसावली

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे: नाही. कवचासाठी आणि हाडांसाठी लागणारे ड-3 जीवनसत्त्व कातडीत तयार होते ते साधारण 290 ते 315 नॅनोमीटरच्या अतिनील-ब किरणांमुळे, आणि साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. पॉलिकार्बोनेटही तसेच. बारीक जाळीसुद्धा त्यांचा बराच भाग खाते. दिवे आतच हवेत, ओलीत चालणाऱ्या बंद टोप्यांचे आणि परावर्तक असलेले. लांब टी-5, म्हणजे बारीक ट्यूबलाइटसारख्या, अतिनील नळ्या घ्याव्यात. लहान गोल दिव्यांचे किरण एवढ्या मोठ्या कवचावर पसरत नाहीत. नळीचा उजेड दिसत राहिला तरी तिचे अतिनील किरण कमी होत जातात, म्हणून अतिनील निर्देशांक मोजणारे यंत्र जवळ असावे. ऊन घेण्याच्या जागी तो 3 ते 4 भरावा आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला शून्यापर्यंत उतरावा.

हे मोजमाप जमिनीवर नव्हे, कवचाच्या माथ्याच्या उंचीवर घ्यावे. लेपर्ड कासवाचे कवच घुमटासारखे उंच असते आणि ते वाढते तसे दिव्याच्या जवळ सरकत जाते. दोन वर्षांपूर्वी योग्य असलेले अंतर आज चटका देणारे ठरू शकते. तापमानालाही हाच नियम लागू: माथ्याच्या उंचीवर 35 ते 38 अंश पुरे.

आता वॅटकडे येऊ. एका मोठ्या दिव्याऐवजी चार लहान दिवे चौकोनात लावण्याची कल्पना उत्तम आहे, कारण ऊब संपूर्ण कवचावर सारखी पडते. पण उबदार_कोपरा यांचा हिशेब पुन्हा पाहावा. कडाक्याच्या दिवशी तुमच्या आवाराची गरज 430 वॅटची आहे. आठ दिव्यांचे 600 वॅट आणि 54 वॅटच्या दोन अतिनील नळ्या धरल्या तर तुम्ही 700 वॅटच्या वर जाता. वसंतात खोलीच 20 अंशांवर आली की गरज 190 वॅटवर घसरते आणि तेच आवार भट्टी होते. थंडीत कासव काही तास तग धरते. बंद पेटीत 40 अंशांच्या वर गेलेल्या हवेतून त्याला सुटका नसते. त्यामुळे प्रत्येक जागी 50 वॅटचे तीनच दिवे लावावेत आणि ते थोडे खाली आणावेत. दोन्ही जागांचे मिळून 300 वॅट होतील. दोन्ही जागा आवाराच्या एकाच अर्ध्या भागात असाव्यात, मात्र त्यांच्या मध्ये आडवी फळी असावी, म्हणजे दोघांना एकमेकांचे तोंड दिसणार नाही आणि दुसरा अर्धा भाग थंडावा घेण्यासाठी मोकळा राहील.

हॅलोजनसाठी मंद-तेज करणारा थर्मोस्टॅट वापरावा. रेडिएटरला साधा चालू-बंद होणारा पुरेल. थर्मोस्टॅट बिघडला की बरेचदा चालू स्थितीतच अडकतो, म्हणून त्याच्या मालिकेत 33 अंशांवर वीज तोडणारा दुसरा, स्वतंत्र थर्मोस्टॅट जोडावा. त्याचा संवेदक दिव्यांपासून दूर, सावलीच्या बाजूला, कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा. त्याच बाजूला भिंतीत वर एक आणि खाली एक अशा सरकत्या झडपा कराव्यात, आणि 30 अंशांवर आपोआप सुरू होणारा छोटा पंखा वरच्या झडपेत बसवावा. प्रत्येक दिवा चिमट्याने न अडकवता साखळीने टांगावा, शिवाय दुसरी सुटी साखळीही असावी. कोरड्या सालीच्या भुग्यावर पडलेला हॅलोजन दिवा आग लावतो. संपूर्ण जोडणी गळती-प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या आरसीडी स्विचमधून न्यावी आणि खोलीत धुराचा इशारा देणारे यंत्र असावे.

कासवे आत सोडण्यापूर्वी आठवडाभर सर्व काही रिकाम्या आवारात चालवून पाहावे आणि चोवीस तासांतील सर्वात कमी व सर्वात जास्त तापमान नोंदवणारे तापमापक दोन्ही टोकांना ठेवावेत. पहाटेचा आकडा 22 च्या खाली जात असेल तर दारांच्या फटी तपासाव्यात. दिव्यांचे वॅट वाढवण्याची वेळ सहसा येत नाही.